धुण्याच्या दगडामागची वेल

"दीना, हातातलं टाक आणि बाहेर ये. बघ कोण आलंय."

तव्यावरची पोळी तशीच सोडून मी मागच्या दाराकडे धावले. कोणी आलंय म्हणून नव्हे, सासूबाईंच्या आवाजात हसू होतं म्हणून. गेल्या दोन वर्षांत ते मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मागच्या अंगणात त्या एकट्याच उभ्या होत्या. लुगड्याच्या ओच्यात मातीसकट कसली तरी वेल भरून आणली होती आणि तिची दोन गुलाबी फुलं ओच्याबाहेर डोकावत होती. चपला चिखलानं भरलेल्या आणि कपाळावर घाम.

"कोण आलंय, आई?"

"आंधळी हायस काय गो? मर्यादवेल. आपली मर्यादवेल. पलीकडं ओहोळाच्या कडंला हीऽऽ पसरलेली हाय. मी म्हटलं, बाई गो, तू कशी आलीस इथवर? तुला कोणी इमानाचं तिकीट काढून दिलं?"

मर्यादवेल कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. भरतीची रेघ जिथे संपते तिथून पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, ती पसरायला लागते. गुलाबी-जांभळी, कर्ण्याच्या आकाराची फुलं. समुद्राला कितीही उधाण येवो, ही वेल ओलांडून तो पुढे येत नाही, असं तिकडची माणसं म्हणतात. माझ्या सासूबाईंचा त्यावर धर्मपुस्तकाइतकाच विश्वास होता.

अडचण एवढीच होती की आम्ही समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर होतो, आणि तो समुद्रही आमचा नव्हता.

एकोणीसशे एकोणसत्तरची ही गोष्ट. मी भायखळ्याची, लग्न होऊन या घरात आले तीच थेट इस्रायलला. माझे यजमान रूबेन आणि त्यांची आई लेआबाई अलिबागजवळच्या एका समुद्रकाठच्या गावातले. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा, शनिवारी कामाला सुट्टी, म्हणून गावात आम्हा ज्यू लोकांना शनवार तेली म्हणायचे. सासरे वारले, घाणा बंद पडला, आणि रूबेननी सगळी कागदपत्रं करून आईला विमानात बसवलं. सरकारनं आम्हाला दक्षिणेकडच्या एका मोशावात, म्हणजे नव्यानं वसवलेल्या शेतकऱ्यांच्या गावात, दोन खोल्या आणि मागे टोमॅटोचं शेत दिलं. रूबेन ट्रॅक्टर शिकले. मी हिब्रूच्या वर्गाला जाऊन भाषा शिकले. सासूबाई काहीच शिकल्या नाहीत. त्यांनी रूबेनकडून एक मोठा सपाट दगड मागच्या दारी आणवून घेतला, त्यावर त्या धुणं धूत, आणि धुणं संपलं की त्याच दगडावर पश्चिमेकडे तोंड करून बसत. पूर्वेकडे तोंड करून बसायला हवं, घर तिकडे आहे, असं मी एकदा गमतीनं म्हटलं. "समुद्र कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पश्चिमेला." "मग झालं तर," त्या म्हणाल्या.

त्या जेवत, काम करत, शुक्रवारी संध्याकाळी शाब्बाथचा दिवा लावत. पण घरात एक माणूस कमी असल्यागत वाटायचं. रूबेन घाबरले होते. "आईला इथे आणून मी तिला मारतोय का गं?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मी उत्तर देण्याऐवजी भांडी घासायला घेतली होती.

आणि आता ही बाई ओचाभर वेल घेऊन हसत उभी होती.

मी जवळ जाऊन बघितलं. माझं आजोळ रेवदंड्याचं. मे महिन्याच्या सुट्टीत पुळणीवर खेळून आमच्या पायांचे तळवे भाजून निघालेले. मर्यादवेलीचं पान जाड, तुकतुकीत आणि मधोमध दुभंगलेलं असतं, आपट्याच्या पानासारखं. हातातल्या वेलीचं पान पातळ होतं, त्यावर राखाडी लव होती. खालची पानं विड्याच्या पानासारखी आणि शेंड्याकडची बोटं फुटल्यासारखी चिरलेली. एकाच वेलीला दोन तऱ्हेची पानं, पण दोन्हीतलं एकही मर्यादवेलीचं नव्हतं. फूल मात्र हुबेहूब तेच.

"काय गो, बोल ना."

"छान आहे, आई," मी म्हटलं.

"लावते दगडाच्या मागं."

त्या दिवशी त्या तीन पोळ्या जेवल्या. संध्याकाळी रूबेन शेतावरून आले तेव्हा आई गुणगुणत होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं. मी वेलीचं सांगितलं आणि ही मर्यादवेल नाही हेही सांगितलं.

"नसू दे," ते म्हणाले. "तू बोलू नकोस."

मलाही तेच हवं होतं. त्यात माझी काही चूक आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

आमच्या शेजारी शूशान राहायचा. ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावरून आलेला, साठीचा, विधुर, काटक्यांनी बांधल्यागत अंग, आणि तोंडात कायम एक वाळलेली जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, काडी. त्याला मराठी येत नव्हती आणि सासूबाईंना हिब्रू. तरी त्या त्याच्याशी मराठीत बोलत, तो अरबीत उत्तर देई, आणि भाजीची देवाणघेवाण बिनबोभाट चाले. त्यांचं कुठं अडलं तर मला हाक यायची. आठ-दहा दिवसांनी तशी हाक आली.

शूशान आमच्या दगडापाशी कमरेवर हात ठेवून उभा होता. वेलीनं माती धरली होती आणि दोन नवे धुमारे कुंपणाच्या तारेवर चढले होते.

"हे कोणी लावलं?" त्यानं मला हिब्रूत विचारलं. "लावलं? हातानं? माझ्या बापानं चाळीस वर्षं हिच्याशी कुस्ती केली. हवलबल आहे हे. वरून उपटाल तर खालून येते. खणाल तर कुदळीनं मुळाचे दहा तुकडे होतात आणि दहा वेली येतात. उन्हाळ्यापर्यंत माझ्या टोमॅटोचा गळा धरील."

"काय म्हणतो?" सासूबाईंनी मला विचारलं.

"थांबा, आई, अजून बोलतायत ते."

"आणि तिला सांग," शूशान काडी हातात घेऊन म्हणाला, "मूळ तोंडात घालायचं नाही. हिचा एक थोरला भाऊ आहे, त्याच्या मुळाचा डिंक आमच्याकडे जुलाबासाठी विकायचे. माप चुकलं की माणूस आतड्यांसकट रिकामा व्हायचा. ही त्याच घरातली. बकऱ्यासुद्धा तोंड फिरवतात. नीट सांग तिला."

"सांगते," मी म्हटलं.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पदरानं हात पुसत, मान जराशी पुढे काढून, लहान मुलं खाऊच्या पुडीकडे बघतात तशा.

"ते म्हणतात," मी म्हटलं, "फूल फार सुंदर आहे. त्यांच्या गावाकडेही असतं."

सासूबाई शूशानकडे बघून तोंडभर हसल्या. "असणारच. समुद्राकाठचा हाय ना तो पण." आणि त्यांनी एक फूल खुडून त्याच्या हातावर ठेवलं.

शूशान फुलाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. काय कळायचं ते त्याला कळलं असावं. "दुपारी मिटतं ते," एवढंच तो म्हणाला आणि फूल खिशात टाकून गेला.

पुढचे दोन महिने आमच्या घराला बरे गेले, हे मला कबूल केलंच पाहिजे. सासूबाई उजाडताच दगडाजवळ जात. फुलं सकाळी उघडत आणि दुपारी मिटत, त्या हिशोबानं त्यांची सगळी कामं चालत. फुलं मिटल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. होळीच्या सुमारास आमचा पुरीम येतो, जुनी माणसं त्याला होळीचाच सण म्हणायची. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळ्या केल्या आणि अख्ख्या गल्लीत वाटल्या. शूशान मात्र रोज कुंपणापलीकडून त्याच्या हद्दीत आलेले धुमारे काढायचा. मला बघितलं की काडी चावत विचारायचा, "सांगितलंस का?" मी म्हणायचे, "सांगते." मग तो आभाळाकडे बघायचा.

कधी कधी सासूबाई वेलीशी बोलत. एकदा धुणं वाळत घालताना मी ऐकलं. "तिकडं तुझ्या बहिणीला कोण बघत असंल गो? कोणी पाय तर देत नसंल?" मी समजले, गावच्या घराच्या अंगणातली वेल असेल. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं का, हे मी पुष्कळदा मनात घोळवलंय.

एप्रिलअखेर मला सहावा महिना लागला आणि पाय सुजायला लागले. दवाखान्यातल्या नर्सनं मीठ कमी करायला सांगितलं. सासूबाईंनी माझ्या घोट्यावर बोट दाबून बघितलं. खड्डा पडला तो पडलाच.

"पाणी धरलंय," त्या म्हणाल्या. "मीठ कमी करून काय होतंय. माझ्या आईनं मला रूबेनच्या टायमाला मर्यादवेलीचा काढा दिलेला. तीन दिवसांत पाय काडीसारखे. करते."

मला त्या शब्दांचा अर्थ लगेच कळला नाही. दुपारी मी जरा आडवी झाले होते. उठले तेव्हा स्वयंपाकघरातून उग्र वास येत होता, आणि सासूबाई पितळी भांड्यातलं तपकिरी पाणी फडक्यानं गाळत होत्या. ओट्यावर पांढरीफट्ट मुळं पडली होती, धुऊन ठेचलेली.

"बस," त्या म्हणाल्या. "गरम हाय तवरच घे. कडू हाय, पण नाक दाबून घे."

पेला माझ्या हातात आला. मी बसले. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दोन महिने तुमच्याशी खोटं बोलले? रोज सकाळी तुम्ही ज्याच्याशी बोलता ते रानटी तण आहे? आणि न सांगावं तर पोटात माझं मूल. ते नेमकं त्याच वेळी फिरलं, डावीकडून उजवीकडे.

"आई, जरा थंड होऊ दे."

"थंड झाला की गुण जातो."

"मोरीत जाऊन येते आधी. येऊन घेते."

"पेला घेऊन कुठं चाललीस?"

"तिथंच पिते. इथे उलटी झाली तर स्वयंपाकघर विटाळेल."

त्या हसल्या. "नाजूक गो बाई तू, मुंबईची." मी मोरीत जाऊन पेला ओतला, वर दोन तांबे पाणी टाकलं, तोंड पुसत बाहेर आले आणि तोंड वाकडं करून दाखवलं. नाटक छान वठलं. त्यांनी माझ्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि बाहेर जाऊन सुकलेले कपडे काढायला लागले. भांड्यात अजून काढा होता हे माझ्या ध्यानातच आलं नाही. परत आले तर सासूबाई भांडं धूत होत्या.

"उरलेला मी घेतला," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे पण सुजलेत. वाया कशाला घालवायचा?"

"किती घेतलात, आई?"

"किती म्हंजे? होता तेवढा."

तेव्हाही मी बोलले नाही. मनाला समजावलं, काही नाही होणार, शूशान वाढवून सांगतो, त्याची सवयच आहे. तासाभरात सासूबाईंनी पोट धरलं. मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. संडासातून बाहेर येईपर्यंत परत आत. उलट्या वेगळ्याच. दिवेलागणीपर्यंत त्या भिंतीला धरून बसल्या होत्या आणि डोळे खोल गेले होते.

मी अनवाणी कुंपणापाशी धावले. "शूशान! तिनं मूळ प्यायलंय."

तो काहीच विचारत बसला नाही. सांगितलंस का, हे तर नाहीच. त्यानं आमच्या अंगणातून वेलीचा एक तुकडा पानाफुलासकट उपटून टोपीत टाकला, आपल्या ट्रॅक्टरला मालाची गाडी जोडली, तिच्यात गादी टाकली, आणि आम्ही शहराच्या रस्त्याला लागलो. रूबेन वाटेत भेटले, तेही चढले. मी सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. एलियाहू हन्नाबीचं नाव घेत होत्या, आम्ही नवस बोलतो तो नबी. मी कान लावला. "तिला काय होऊ देऊ नको," त्या म्हणत होत्या. "तिचं पोर ठेव. मलिदा करीन तुझा. तिनं पण प्यालाय रे तो."

त्या स्वतःसाठी काही मागतच नव्हत्या. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इस्पितळात शूशाननं टोपी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली. सलाईन लागलं. दोन दिवस त्यांचा जीव खालीवर होत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे नीट उघडले. खोलीत मी एकटीच होते.

"पोटात फिरतंय काय गो?" त्यांचा पहिला प्रश्न.

"फिरतंय, आई. चांगलं फिरतंय."

"तुला काय झालं नाय? तू पण प्यालीस ना?"

"नाही प्याले. मोरीत ओतला."

त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळून उशीत गेलं. मग म्हणाल्या, "मी दिलेला तू ओतायची नायस. का ओतलास?"

मग मी सगळं सांगितलं. आपट्याचं पान सांगितलं, हवलबल सांगितलं, शूशान दगडापाशी काय म्हणाला होता आणि मी त्याचं काय करून सांगितलं तेही. "फूल सुंदर आहे असं तो म्हणालाच नव्हता, आई. मूळ तोंडात घालू देऊ नकोस म्हणाला होता. नीट सांग म्हणाला. मला वाटलं, तुम्ही इतक्या दिवसांनी हसताय. मला तोंड उघडवेना. मी तुम्हाला मारलंच होतं."

त्या छताकडे बघत होत्या. रागावतील, मला हवंच होतं ते.

"पान मी पण बघितलं होतं, दीना."

"कधी?"

"ओच्यात घालायच्या आधी. तिचं पान लहान पोर पण सांगंल. मी तर जन्म काढला तिच्यावरून चालत." त्यांनी कोरडे ओठ ओले केले. "पण म्हटलं, पानाकडं नाय बघायचं. फुलाकडं बघायचं. रोज फुलाकडंच बघितलं. मग एक दिवस पान बघितलं तर ते पण तिचंच वाटलं. तुला काढा दिला तवा मला खरंच वाटत होतं की तीच हाय. खोटं नाय सांगत."

"पण कशासाठी, आई?"

"रूबेननं तुला मोशेचं सांगितलंय?"

"कोण मोशे?"

"म्हंजे नायच सांगितलं. त्याला तरी काय आठवणार, तो दोन वर्षांचा होता. मोशे माझा थोरला. सहावं लागलं होतं. घटसर्प झाला. होळीचा सण होता, पुरणाची पोळी घशाखाली उतरंना म्हणून रडला, आणि तिसऱ्या दिवशी गेला. आपली कबरस्तानची जागा ठाऊक हाय ना तुला? पुळणीच्या वरतीच. उधाणाला पाणी कुंपणापर्यंत यायचं. दोन कबरी गेल्या होत्या माझ्यादेखत. मी रोज जाऊन बसायची. माझ्या पोराला पाण्याची भीती, पाय पण बुडवायचा नाय तो. मग मी मर्यादवेल लावली त्याच्या भोवती. माझ्या हातानं. रोज घागर डोक्यावर घेऊन गोडं पाणी घालायची. धरली तिनं वाळू. बावीस वर्षं पाणी त्याच्यापर्यंत आलं नाय."

मी त्यांचा हात धरला. सलाईनची सुई होती त्या हाताला, म्हणून नुसती बोटं धरली.

"इमानात बसायच्या आदल्या दिवशी गेले. वेलीला सांगितलं, मी चालले, तू बघ. इथं आल्यावर रोज वाटायचं, आता कोण तिला पाणी घालत असंल. वाळली असंल. समुद्र आत आला असंल. आणि मग ओहोळाकडं हे फूल दिसलं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "वेडी नाय मी, दीना. मला फक्त कुणाला तरी पाणी घालायचं होतं."

त्या दिवशी आम्ही दोघी रडलो. नर्स येऊन बघून गेली.

घरी आल्यावर सासूबाईंनीच शूशानला बोलावलं. "खणून काढ म्हणावं," त्या मला म्हणाल्या. "आणि म्हणावं, माझं चुकलं. नीट सांग या टायमाला."

मी नीट सांगितलं. शूशान म्हणाला, "तिला सांग, तिचं काही चुकलं नाही. माझी बायको जेर्बातच पुरलीय." मी तेही नीट सांगितलं. सासूबाई आत गेल्या आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या.

त्यानं दोन दिवस खणलं, हातभर खोल. सासूबाई काठीच्या आधारानं येऊन दगडावर बसल्या होत्या. तो मातीची ढेकळं टाकायचा आणि त्या ती फोडून मुळांचे पांढरे तुकडे वेचायच्या, गहू निवडावेत तसे. एक तुकडा राहिला तरी परत येईल, असं शूशान पुनःपुन्हा बजावत होता. वेचलेला ढीग त्यानं रस्त्यावर उन्हात वाळवून जाळला.

ऑगस्टअखेर मला मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंतेला नाव विचारलं तेव्हा मी मोशे सांगितलं. रूबेन चमकले, लहानपणी गेलेल्याचं नाव कशाला, असं पुटपुटले. मी ऐकलं नाही. सासूबाई उठून मागच्या दारी गेल्या, आणि आल्या तेव्हा पदराचं टोक ओलं होतं. मग त्यांनी नवसाचा मलिदा केला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. नारळ शहरातून आणायला रूबेनना अर्धा दिवस लागला.

पुढच्या वसंतात दगडाच्या मागे एक धुमारा आला. शूशाननं कपाळावर हात मारला. "मी पुरी काढली होती."

"काय गो हे?" सासूबाईंनी मला विचारलं. मोशे माझ्या कडेवर होता.

"हवलबल, आई."

"हं. हवलबलच." त्यांनी धुमाऱ्याला हात लावला नाही. पहिलं फूल उमललं त्या सकाळी त्या दगडावर जाऊन बसल्या, मोशेला मांडीवर घेऊन. दुपारी फूल मिटलं तसा आतून विळा आणून वेल जमिनीलगत कापली आणि चुलीत टाकली. दर वर्षी असंच. एक सकाळ बसायचं, दुपारी कापायची. शूशान दर वर्षी कुंपणापलीकडून आपल्या शेतात वाकून बघायचा आणि चकित व्हायचा, कारण त्याच्याकडे एकही धुमारा जायचा नाही. आमच्याकडेही दगड सोडून कुठेच नाही.

अठरा वर्षांनी सासूबाई गेल्या, हिवाळ्यात, झोपेत. वसंतात वेल वेळेवर आली. पहिलं फूल उमललं, मिटलं, आणि कापायला कोणी नव्हतं. मला ते बघवेना. मी कुदळ घेतली, म्हटलं, आता एकदाची मुळापासून काढून टाकू. दुसऱ्याच घावाला कुदळ पत्र्यावर आपटली.

मी हातांनी माती काढली. दगडाला खेटून, जैतुनाची फळं भरून येतात तसला एक मोठा पत्र्याचा डबा काठापर्यंत पुरला होता. गंजलेला, पण शाबूत. त्यात सगळी वाळू होती, आमच्या शेतातली काळपट माती नव्हे. इतकी पांढरी वाळू त्यांनी कुठून आणली होती, देव जाणे. आणि वाळूत ती मुळं, डब्याच्या आतल्या अंगाला गोल गोल फिरलेली, जागा पुरेना तरी बाहेर एक तंतू नाही. वेचताना एक तुकडा त्यांनी ओच्यात टाकला असणार, आमच्या डोळ्यांदेखत.

मी डबा होता तसा परत पुरला आणि त्यावर तांब्याभर पाणी घातलं.

आता मीच ऐंशीच्या घरात आहे. परवा मोशेची नात आली होती, पाच वर्षांची, डोळे टपोरे. सकाळी फूल उमललं होतं. "हे काय आहे?" तिनं हिब्रूत विचारलं आणि खुडायला हात पुढे केला.

मी तिला शेजारी दगडावर बसवलं. या वेळी काही गाळलं नाही. हवलबल म्हणतात याला, तण आहे, रानात येतं, मूळ तोंडात घालायचं नाही, माणूस मरणाच्या दारात जातो. शूशान म्हणाला होता ते अक्षर न्‌ अक्षर सांगितलं. मग ज्याचं नाव तिच्या आजोबांना ठेवलंय, त्या मुलाचं सांगितलं. त्याला पाण्याची फार भीती वाटायची, हेही सांगितलं.

मग तिनं विचारलं, "आता त्याच्याकडे पाणी येतं का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

फूल मिटेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो.